खलाशाचे दुखणे बंदरात सुरू होत नाही

बेंगळुरू समुद्रापासून दूर असले, तरी इथल्या मराठी मंडळींमध्ये कारवारकडची, गोव्याची, रत्नागिरी-सिंधुदुर्गाची कितीतरी कुटुंबे आहेत आणि बोटीवर जाणारी माणसे त्या किनाऱ्याला नवी नाहीत. घरापासून हजारो मैलांवर खलाशी आजारी पडला तर त्याच्याकडे कोण बघणार, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर पाचशे वर्षांपासून विचारला जातो आहे. त्याला पहिले मोठे उत्तर दिले गेले ते गोव्यात. आफोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला आणि त्यानंतर लगेचच जुन्या गोव्यात पोर्तुगीज राजाच्या खर्चाने एक इस्पितळ उभे राहिले. ते लिस्बनहून येणाऱ्या शिपायांसाठी आणि खलाशांसाठी होते. पुढे त्याचा कारभार मिझेरिकॉर्दिया या धर्मादाय संस्थेकडे गेला आणि १५९१ पासून जेझुइट पाद्र्यांकडे आला. या इस्पितळाची कीर्ती युरोपभर होती. ती खोटी नव्हती, पण तिने मूळ प्रश्न सुटला नाही. तो का सुटला नाही, हे आज मांडायचे आहे.

आधी त्या कीर्तीविषयी. फ्रान्सवा पिरार्द हा फ्रेंच दर्यावर्दी १६०२ मध्ये मालदीवजवळ जहाज फुटून अडकला, काही वर्षांनी तिथून सुटला, पोर्तुगिजांच्या हाती लागला आणि १६०८ मध्ये आजारी कैदी म्हणून गोव्याच्या या इस्पितळात दाखल झाला. म्हणजे हा साक्षीदार पोर्तुगिजांचा स्तुतिपाठक नव्हता. त्यांनी त्याला बंदिवान केले होते. तरीही जगात यापेक्षा चांगले इस्पितळ नसेल, असे त्याने लिहून ठेवले. रंगवलेले पलंग, कापसाच्या गाद्या, स्वच्छ चादरी, रोग्याला अंगावर घालायला धुतलेले कपडे, चिनी मातीच्या भांड्यांतून जेवण, कोंबडीचे मांस, दिवसातून दोनदा वैद्यांची फेरी. आल्याबरोबर रोग्याचे केस कापून त्याला आंघोळ घातली जाई, आणि त्याचे सामान नोंद करून जपून ठेवले जाई. त्या काळी युरोपातल्या अनेक इस्पितळांत एका खाटेवर दोन-तीन रोगी झोपवत. हे ध्यानात घेतले की पिरार्दचे आश्चर्य समजते.

आता एक आकडा ऐका. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत या एका इस्पितळात सुमारे २५,००० पोर्तुगीज शिपाई मेले, असे इतिहासकार नोंदवतात. वर्षाला आठशेहून अधिक, म्हणजे रोज दोनाहून अधिक. पोर्तुगाल हा तेव्हा जेमतेम दहा-पंधरा लाख वस्तीचा देश होता. पिरार्दच्या आधी, १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच लेखक लिन्सखोटेन यानेही इथे आत जाणाऱ्यांपैकी दरवर्षी शेकडो माणसे जिवंत बाहेर पडत नाहीत, असे लिहिले आहे. जगातले उत्तम इस्पितळ आणि रोजचे मढे, या दोन गोष्टी एकाच छपराखाली होत्या. पिरार्द खोटे बोलत नव्हता आणि मृत्यूची नोंदही खोटी नव्हती. दोन्ही खऱ्या मानल्या, तर माणूस इस्पितळाच्या पायरीवर पोचेपर्यंतच अर्धा मेलेला होता, असा निष्कर्ष निघतो. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेले तारू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्याला लागे. सहा महिने शेकडो माणसे एका लाकडी पोटात कोंबलेली, खायला सुकी बिस्किटे आणि खारवलेले मांस, प्यायला सडके पाणी. वैद्य म्हणून बहुधा एखादा न्हावी, तोही रक्त काढण्यापुरता. वाईट वर्षी निम्मी माणसे वाटेतच समुद्रात टाकावी लागत. उरलेली हिरड्या सुजून, सांधे आखडून, ताप अंगात घेऊन मांडवी नदीच्या काठावर उतरत, आणि मग त्यांना चिनी मातीच्या ताटात कोंबडी मिळे.

यावर कुणी म्हणेल, त्या काळच्या लोकांना रोगाचे कारणच ठाऊक नव्हते. त्यांना दोष कसा देणार? हा आक्षेप वजनदार आहे, पण पूर्ण खरा नाही. वास्को द गामाचा काफिला ऑक्टोबर १४९८ मध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून परत निघाला. आफ्रिकेचा किनारा गाठायला त्याला तीन महिने लागले आणि तेवढ्यात हिरड्या सुजवणाऱ्या त्याच रोगाने, म्हणजे स्कर्व्हीने, तीस माणसे दगावली. जहाज हाकायला हात उरले नाहीत म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले. मालिंदीला पोचताच त्यांनी आजाऱ्यांसाठी काय मागवले? संत्री. कारण ताज्या फळांनी हा रोग हटतो, हे त्यांनी जातानाच अनुभवले होते. जीवनसत्त्व हा शब्द चारशे वर्षे लांब होता, पण उपाय हाती होता. इंग्रज कप्तान जेम्स लँकेस्टरने १६०१ च्या सफरीत आपल्या जहाजावर लिंबाचा रस दिला आणि त्याची माणसे इतर जहाजांवरच्यांपेक्षा धडधाकट राहिली. तरीही ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडले. नौदलातला वैद्य जेम्स लिंड याने संत्री-लिंबे देऊन केलेला प्रयोग १७४७ चा आणि पुस्तक १७५३ चे, हे लक्षात घेतले तर त्यानंतरही चाळीस वर्षे गेली. पोर्तुगिजांच्या बाबतीत हा उशीर अज्ञानापेक्षा हिशेबाचा जास्त होता. पोर्तुगीज तारवावरची जागा म्हणजे पैसा. अधिकाऱ्यांना आणि खलाशांना मेहनतान्याचा भाग म्हणून आपापल्या पेट्या भरून माल नेण्याची मुभा होती. विकायचा माल सोडून ताजे अन्न आणि मोकळी हवा यांना कोण जागा देणार? इस्पितळावरचा खर्च हे राजाच्या औदार्याचे दर्शन होते. तारवावरचा खर्च नफ्यातून गेला असता.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. ही माणसे प्रवासाने नव्हे, गोव्याच्या हवेने मेली असतील. जुने गोवे हिवतापाचे, दूषित विहिरींचे शहर होते, १५४३ मध्ये तिथे पटकीची भयंकर साथ आली होती, आणि शेवटी तर राजधानीच पणजीला हलवावी लागली. हे सगळे मान्य. पण त्याच विहिरींचे पाणी पिणारा स्थानिक माणूस आणि सहा महिन्यांच्या उपासमारीतून आलेला नवखा खलाशी यांचे हाल सारखे होत नाहीत. खंगलेल्या शरीराला साथीच्या गावात आणून ठेवले, की उत्तम गादीसुद्धा फार काही करू शकत नाही. त्यात उपचार म्हणून रक्त काढणे. १६४८ मध्ये गोव्याला आलेला फ्रेंच प्रवासी तावेर्निये सांगतो की एकेका रोग्याचे रक्त कितीतरी वेळा काढले जाई. तोपर्यंत इस्पितळाची पूर्वीची व्यवस्थाही ढासळली होती, हेही त्याने नोंदवले आहे.

आणि दारावर कोण अडवला जाई? हे इस्पितळ पोर्तुगीज आणि युरोपीय माणसांसाठी होते. स्थानिक ख्रिस्ती गरिबांसाठी वेगळे, साधे इस्पितळ होते. पोर्तुगिजांच्या किनाऱ्यावरच्या जहाजांवर राबणाऱ्या कोकणी, गुजराती, मलबारी खलाशांना या रंगीत पलंगांवर जागा नव्हती. याउलट ज्ञान मात्र स्थानिकांचे चालत असे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ पासून गोव्यात होता. त्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात मालूपा नावाच्या हिंदू वैद्याचा उल्लेख केला आहे. चर्चच्या धर्मसभांनी हिंदू वैद्यांकडे जाण्यास बंदी केली, तरी बडे अधिकारी त्यांनाच बोलावत. मदत देणारा हात चालतो आणि मदत मागणारा हात चालत नाही, हा भेद इथे उघडा दिसतो. मला तो इस्पितळाच्या मृत्यूसंख्येइतकाच गंभीर वाटतो, कारण दोन्हींचे मूळ एक आहे. राजाला जितके मनुष्यबळ हवे, तितकीच त्याची काळजी.

इंग्रजांच्या मुंबईत हेच गणित नव्या आकड्यांत आले. युरोपीय खलाशांसाठी १८७६ मध्ये रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम पूर्ण झाले. आज त्या देखण्या इमारतीत महाराष्ट्र पोलिसांचे मुख्यालय आहे. हिंदी माणसाला जमशेटजी जीजीभॉयांच्या देणगीतून १८४५ मध्ये उघडलेले रुग्णालय होते, आणि गोव्याच्या खलाशाला धोबी तलाव, माझगावातली आपल्या गावाची कूड. दोन सफरींच्या मधल्या काळात तिथे पेटी ठेवायला जागा आणि आजारपणात, मरणात गाववाल्यांचा आधार मिळे. ती कूड माणसांनी स्वतः उभी केली; जहाज कंपनीने नव्हे. पण पुन्हा प्रश्न बोटीचा. ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला झोपायला ७२ घनफूट जागा ठरवली होती, लस्कराला, म्हणजे हिंदी खलाशाला, हिंदुस्थानच्या कायद्याने ३६. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश जहाजांवर सुमारे पन्नास हजार हिंदी खलाशी होते. ३६ घनफुटांत महिनोन्‌महिने झोपणाऱ्याला क्षय झाला, तर बंदरातला डॉक्टर काय करणार?

आता परिस्थिती पालटली आहे, हे सांगितलेच पाहिजे. २००६ चा सागरी श्रमिक करार २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये त्याला मान्यता दिली. कोणत्याही देशाच्या झेंड्याखालच्या खलाशाला तातडीचा उपचार लागला, तर बंदर असलेल्या देशाने तो द्यायचा, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दारावरचा भेद कागदावर तरी संपला. पण त्याच करारानुसार डॉक्टर सक्तीचा आहे तो शंभर किंवा अधिक माणसांच्या, तीन दिवसांहून लांबच्या आंतरराष्ट्रीय सफरींवरच्या जहाजालाच. मालवाहू जहाजावर आज वीस-पंचवीस माणसे असतात. तिथे औषधपेटी एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती असते आणि डॉक्टर दूरसंदेशावर. म्हणून बंदरातल्या रुग्णालयांचे कौतुक करताना मी थांबतो. गोव्याच्या त्या इस्पितळाचा वारसा १८४२ च्या वैद्यकीय शाळेमार्गे आजच्या बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंत आला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जहाजावरची झोपायची जागा, अन्न आणि कामाचे तास यांची तपासणी ढिली पडली, तर बंदरातले रुग्णालय उशिराच भेटणार.

आपल्या घरातले कुणी बोटीवर जात असेल, तर करारावर सही करण्याआधी दोन कलमे जरूर वाचा. आजारी पडल्यास मालकाने उपचाराचा खर्च किती काळ द्यायचा, हे पाहा; आंतरराष्ट्रीय करारात ही मर्यादा सोळा आठवड्यांहून कमी ठेवता येत नाही. आणि बोटीवर औषधोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला अधिकारी कोण आहे, ते विचारा.