पडसे, धूर आणि न्यूमोनिया



जंतूंवर बोलायला डॉक्टर सोडून युनियनवाला का बोलावला, असे काहींना वाटले असेल. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि आजारी कामगारांच्या खाटेशेजारी.

आपल्या जालन्यात भंगार वितळवून सळई निघते. अशाच एका भट्टीवरचा गडी पडशाने हैराण होता. गाल ठणके, वरची दाढ दुखे. दाढ काढून घ्यायला तो निघाला होता. दाढ निर्दोष होती. गालाच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते आणि वरच्या दाढांची मुळे तिच्या तळाशी भिडलेली असतात. गंमत अशी, की या पोकळीचे दार तळाला नसून वरच्या अंगाला आहे. म्हणजे शेंबूड आपोआप वाहून जात नाही. डोळ्यांना न दिसणारे बारीक केस तो लाटेसारखा वर ढकलतात. पडसे बहुधा विषाणूचे. त्याने दार सुजते, शेंबूड तुंबतो, आणि नाकात एरवी गुपचूप राहणारे न्यूमोकोकस, हिमोफिलस हे जंतू त्या डबक्यात माजतात. चोर बाहेरचाच हवा असे नाही; तो घरचा बिऱ्हाडकरूही असतो. बहुतेकांचे हे दुखणे आपोआप उतरते. दहा दिवसांत हटले नाही, किंवा उतरून पुन्हा चढले, तर जंतूंचा संशय घ्यावा. पहिल्या शिंकेलाच अँटिबायोटिक मागू नये. विषाणूला त्याचे काही नाही, जंतू मात्र निर्ढावतात.

या गड्याचे पुढे बिघडले. हुडहुडी भरून ताप, बरगडीत कळ, गंजाच्या रंगाचा बेडका. तो गंज लोखंडाचा नव्हे, रक्ताचा. झोपेत घशातले थेंब श्वासनळीत थोडेफार उतरतातच, तुमच्याआमच्याही. तेच बारीक केस आणि रक्षक पेशी ते निस्तरतात. धुराने, विडीने ही झाडलोट मंदावली, की जंतू फुप्फुसाच्या फुग्यांत पोचतो. तेथे पाणी व पू भरतो आणि हवेला जागा उरत नाही. हाच न्यूमोनिया. कारखान्यातून त्याला दोन गोळ्या आणि दुसऱ्या पाळीचे बोलावणे आले. ठेकेदाराने नाव नोंदवले नव्हते, म्हणून विम्याचे कार्ड नाही. कामगार राज्य विमा कायदा १९४८ सालीच झाला होता, हे येथे सांगून ठेवतो. आम्ही त्याला दवाखान्यात नेले, वाचला.

हा जंतू १८८१ मध्ये पाश्चर आणि स्टर्नबर्ग यांना स्वतंत्रपणे सापडला. १९११ मध्ये आल्मरोथ राइट यांनी त्यावरची लस दक्षिण आफ्रिकेतील सोन्याच्या खाणींतल्या काळ्या मजुरांवर आजमावली. मजूर न्यूमोनियाने पटापट मरत, आणि त्यात खाणमालकांचाही तोटा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये देशी लस आणली. बालकांना अशी लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून देशभर सरकारतर्फे फुकट मिळते. घरातल्या बाळाचे कार्ड तपासा. ब्रिटनमध्ये धातूच्या धुरात काम करणाऱ्या वेल्डरांनाही ती देण्याचा विचार करावा, असा सरकारी सल्ला आहे.

आमचे मागणे त्याआधीचे आहे: भट्टीवर धूर ओढणारा पंखा, आणि आजारपणात पगारी रजा. तो गडी आज मागच्या रांगेत बसला आहे. विडी अजून सुटलेली नाही, हे त्याच्यादेखतच सांगतो.