नवगावकरांच्या दोन मायभूमी



कफ परेडच्या मच्छीमार नगरातून निघालेला मचवा कुलाब्याचे टोक ओलांडून दक्षिणेस वळला, म्हणजे काही वेळाने खांदेरीचा दीपस्तंभ दिसू लागतो. मुंबईच्या कोळ्यांना हे बेट परके नाही. तेथील वेताळाला ते नवस बोलतात आणि तो फेडावयास सहकुटुंब जातात. खांदेरीसमोरच्या किनाऱ्यावर थळ, आणि थळाच्या शेजारी नवगाव. देश सोडून गेलेल्या माणसाने मायभूमीचा अभिमान कसा राखावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. त्याचा विचार करताना मला विलायतेतील मोठाल्या शहरांपेक्षा हे लहानसे नवगावच आधी आठवते. एक समाज परका म्हणून येथे उतरला, मराठी झाला, आणि मराठी होऊन पुन्हा परदेशी गेला. तो समाज म्हणजे बेने इस्रायल.

त्यांची परंपरा सांगते की, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली. बुडालेल्यांना पुरले ती जागा नवगावात आजही दाखवितात. यातील इतिहास किती व आख्यायिका किती, हा वाद विद्वानांसाठी सोडून देऊ. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील गावोगावी तेल गाळू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. धर्मग्रंथ हाती नव्हते, भाषा विसरली होती. राहिले होते ते शनिवारचे पालन, आठव्या दिवशीची सुंता, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि भोजनाचे काही नियम.

या नियमांविषयी एक कथा आहे, आणि ती मासळी विकणाऱ्या व घेणाऱ्या प्रत्येकास आवडेल अशी आहे. दाविद राहबी नावाचा कोणी यहुदी गृहस्थ कोकणात आला. हे लोक खरोखर आपलेच काय, याची त्याला शंका होती. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी ठेविली आणि रांधावयास सांगितले. त्यांनी खवल्यांचे व परांचे मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूस सारले. राहबीची खात्री पटली. कथा घडली असेल वा नसेल. परंतु ज्या किनाऱ्यावर कोळंबी, खेकडा आणि माकुल यांची अशी लयलूट, तेथे राहून पिढ्यान्‌पिढ्या त्यांस हात न लावणे ही काही सामान्य गोष्ट नव्हे! मूळ देशाचा अभिमान येथे भाषणांत नव्हता. तो टोपलीतून काय घ्यावयाचे आणि काय परत ठेवावयाचे, यात होता.

आणि तरीही हे लोक कोकणाशी फटकून राहिले नाहीत. नवगावचा तो नवगावकर, किहीमचा किहीमकर, पेणचा पेणकर झाला. सणांना त्यांनी मराठी नावे दिली. प्रायश्चित्ताचा उपवास तो ‘दारफाळणीचा सण’. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन तो ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी जेवणात वालाचे बिरडे. दोन हजार कोसांवरच्या मंदिरासाठी शोक करावयाचा आणि पानात वाल वाढावयाचे, यात त्यांना काहीच विसंगत वाटले नाही. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मांडवीत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. १९३७ साली डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. महालक्ष्मीहून वरळीस जाणारे आपण त्यांच्याच नावाच्या रस्त्याने जातो, पण ते नाव कोणाचे हे किती जणांस ठाऊक असते?

१९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्मास आले आणि या समाजाचे बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. ते गेले ते स्वदेशी परतलो या भावनेने. कोणी हाकलले म्हणून ते गेले नाहीत. या भूमीत आपला छळ झाला नाही, हे ते आजही आवर्जून सांगतात. परंतु त्या स्वदेशात त्यांच्या वाट्यास काय आले? १९५१-५२ मध्ये त्यांच्यातील काहींनी भेदभावाच्या तक्रारीवरून तेल अवीव येथे निदर्शने केली आणि काही कुटुंबे हिंदुस्थानात परत आली. १९६२ साली तेथील प्रमुख धर्मपीठाने आदेश काढला की, इतर यहुद्यांशी विवाह करू इच्छिणाऱ्या बेने इस्रायलांच्या वंशाची पिढ्या मागे जाऊन चौकशी व्हावी. राहबीची परीक्षा जणू पुन्हा मांडली गेली. या खेपेस मात्र समोर मासळी नव्हती, कागद मागितले जात होते. घाणा ओढणाऱ्या तेल्याने वंशवृक्षाचे कागद कोठून आणावेत? समाज रस्त्यावर उतरला, आणि १९६४ च्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला की, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत.

या प्रसंगी एक सोपी वाट मोकळी होती. ज्या कोकणीपणामुळे शंका घेतली जात होती, तो टाकून द्यावा. ‘कर’ पुसावा, मराठी गिळावी. मी तसे करणाऱ्यास दोष देणार नाही; पोटापाण्याची ओढ मोठी असते. पण समाज म्हणून त्यांनी तसे केले नाही. रामले, लोद, बीरशेबा, दिमोना, अश्दोद या गावी स्थायिक झालेल्या मंडळींनी लग्नापूर्वीची मेंदी राखली, कीर्तनाची आठवण राखली, आणि १९८५ साली ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक सुरू केले. आपण येथे पुष्कळदा समजतो की, दोन देशांवर प्रेम करणारा दोहोंशीही थोडा अप्रामाणिक असतो. या माणसांकडे पाहून ते मला पटत नाही. एका देशाचा अभिमान दुसऱ्यात जपण्याची सवय त्यांनी कोकणातच लावून घेतली होती. तीच सवय तिकडे उपयोगी पडली, फक्त दिशा उलटी झाली.

चिंता आहे ती भाषेची. नातवंडे हिब्रू बोलतात. आजीची मराठी त्यांना कळते, पण ओठांवर येत नाही, आणि पुढच्या पिढीला कळेलच असे नाही. मॉरिशसच्या मराठी घरांतही हीच काळजी ऐकू येते. तेथे गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुट्टी मिळते, पण सुट्टीने भाषा येत नाही. ज्याला अभिमान हवा परंतु अभ्यास नको, त्याच्याजवळ शेवटी आडनावच तेवढे उरते. हे ‘कर’ आडनाव लावून मुंबईतच राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांसही लागू आहे, हे जाता जाता सांगतो.

अलिबागजवळ खंडाळे येथे एक कातळ आहे. एलिया संदेष्टा स्वर्गास जाताना त्याच्या रथाची चाके येथे टेकली, अशी श्रद्धा असून त्यास ‘एलियाहू हन्नबीचा टापा’ म्हणतात. इस्रायलमध्ये जन्मलेली मुले आईबापांबरोबर तेथे येतात. ताटात भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गोडाची भर आणि वर फळे, असा मलिदा मांडतात. प्रार्थना हिब्रूत होते. ती आटोपली की ताट फिरते, आणि ते फिरविणारी बाई प्रत्येकास मराठीतच म्हणते, “घ्या.”