बातमीचाही हिशेब तपासा



पावती नसलेला खर्च आपण गटाच्या वहीत मान्य करतो का? नाही ना! मग बातमी न तपासता का मानायची?

२००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच महाराष्ट्रात एका नेत्याचं कौतुक वेगवेगळ्या पेपरांत शब्दाला शब्द सारखं छापून आलं. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते 'द हिंदू'त उघड केलं अन् 'पेड न्यूज'ची चर्चा देशभर झाली. पैसे घेऊन छापलेल्या बातमीवर 'जाहिरात' असं लिहिलेलं नसतं. उमेदवाराचा खर्चही त्यात लपतो.

म्हणून बायांनो, निवडणुकीत दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. दुसऱ्या उमेदवाराचं काय छापलं? आपल्या वणीच्या कापसाच्या भावाचं, पाण्याचं कुठं आहे? पुढच्या सभेत पेपर घेऊन या, मिळून वाचू. मत आपलं आहे, ते पारखूनच द्यायचं.