अमेरिकेचा इतिहास आणि आपल्या मुलांचे दप्तर

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



अमेरिकेचा इतिहास हा आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही पालकांना नवल वाटले असेल. पिंपरी, चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात पोटासाठी आलेल्या माणसाला अमेरिकेच्या इतिहासाशी काय कर्तव्य? मी तुम्हाला राष्ट्राध्यक्षांची नावे पाठ करावयास सांगणार नाही. त्या देशाच्या इतिहासातील एकच धागा मला दाखवावयाचा आहे : तेथे कोणाला शिकू दिले, कोणाला शिकू दिले नाही, आणि शिकलेल्या माणसाने पुढे काय केले. हा धागा पुण्यावरून आपल्या पिंपरीपर्यंत येतो.

इंग्रजांची अमेरिकेतील पहिली टिकाऊ वसाहत १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउन येथे झाली. १६२० साली दुसरी एक तुकडी उत्तरेस मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरली. या उत्तरेकडच्या लोकांनी १६३६ साली हार्वर्ड कॉलेज काढले आणि १६४७ साली कायदा केला की, पन्नास घरांच्या गावाने लिहिणे-वाचणे शिकविणारा शिक्षक नेमलाच पाहिजे, आणि शंभर घरांच्या गावाने वरच्या दर्जाची शाळा काढली पाहिजे. धर्मग्रंथ प्रत्येकाला स्वतः वाचता यावा, हा त्यांचा हेतू होता. जंगल तोडून नुकतीच घरे बांधणाऱ्या लोकांनी घराबरोबर शाळेचाही विचार केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पण त्याच देशात १६१९ साली सुमारे वीस आफ्रिकी माणसे जहाजातून आणून विकली गेली होती. म्हणजे शाळा आणि गुलामगिरी या दोन्हींची बीजे त्या मातीत जवळजवळ एकाच वेळी पडली.

पुढे इंग्लंडच्या राजाशी करांवरून तंटा झाला. १७७३ साली बोस्टनच्या बंदरात लोकांनी समुद्रात फेकलेला चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला. १७८१ साली यॉर्कटाउन येथे ज्या लॉर्ड कॉर्नवॉलिसने हार पत्करली, तोच पुढे हिंदुस्थानात येऊन टिपू सुलतानाशी लढला. इंग्रजांशी झुंजणाऱ्या हैदर अलींचे नाव अमेरिकेतही पोहोचले होते. १७८२ साली पेनसिल्व्हेनियाच्या एका लढाऊ जहाजाला त्यांचे नाव दिलेले होते. सर्व माणसे समान आहेत, असे त्या जाहीरनाम्याने सांगितले. गुलाम मात्र गुलामच राहिला.

दक्षिणेत कापसाचे मळे वाढले, तशी गुलामांची संख्याही वाढली. अनेक राज्यांनी गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा ठरविला. मित्रहो, बेड्या, चाबूक, पहारा, सारे काही हाती असताना मालकांना एका अंकलिपीचे भय का वाटावे? याचे उत्तर फ्रेडरिक डग्लस नावाच्या एका गुलाम मुलाच्या आयुष्यात सापडते. बाल्टिमोर शहरात त्याच्या मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकवावयास घेतली. नवऱ्याने तिला थांबविले. शिकला की हा गुलाम म्हणून निकामी होईल, असे त्याचे म्हणणे होते. मुलाने ते ऐकले आणि सुटकेची वाट याच दिशेने आहे हे ओळखले. रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पावाचे तुकडे देऊन तो त्यांच्याकडून एकेक अक्षर शिकला. १८३८ साली तो पळाला, आणि पुढे त्याच्या लेखणीने व वाणीने गुलामगिरीचा पाया हादरविला.

१८६१ ते १८६५ अशी चार वर्षे उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. सहा लाखांहून अधिक माणसे मेली. अब्राहम लिंकन यांनी १८६३ साली मुक्तीची घोषणा केली, आणि १८६५ च्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. सुमारे चाळीस लाख माणसे मोकळी झाली.

या युद्धाची झळ आपल्या महाराष्ट्रालाही लागली. अमेरिकेचा कापूस बंद पडताच इंग्लंडच्या गिरण्या आपल्याकडे वळल्या. खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. १८६५ साली युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि मुंबईतल्या कित्येक बँका व कंपन्या बुडाल्या. तेजीचा पैसा तेजीबरोबर गेला.

पण अमेरिकेकडून एक दुसरीही गोष्ट आली होती, आणि ती टिकली. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना तो अर्पण केला. आपल्या शूद्र बांधवांना सोडविताना आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी त्यांची इच्छा होती. पुण्याच्या एका माळ्याच्या मुलाला ही दूरदेशीची गोष्ट कळली कशी? तो वाचत होता म्हणून. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी चालविणाऱ्या टॉमस पेन यांचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्याने तरुणपणीच वाचला होता.

पण हा मुलगा वाचू शकला कसा? पालकहो, येथे जरा थांबा. जोतीरावांचे शिक्षण मध्येच थांबले होते. वडिलांनी, गोविंदरावांनी, त्यांना शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावले होते. शेजारी राहणारे गफ्फार बेग मुनशी हे उर्दू-फारसीचे शिक्षक. त्यांनी आणि लिजिट साहेबांनी मुलाची हुशारी हेरली. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. पुढे मुलींना शिकविल्यामुळे जोतीराव-सावित्रीबाईंना वडिलांचे घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आसरा दिल्याचे चरित्रकार सांगतात. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव आहे. तेव्हा अमेरिकेतली मुक्तीची कथा मराठीत आली, तिच्या मागे आपल्याच समाजातल्या एका मुनशीचे चार शब्द होते, आणि ते ऐकून मन बदलणारा एक बाप होता.

आता पुन्हा अमेरिकेकडे वळू. मुक्त झालेल्या गुलामांनी काय केले? नातवंडे आणि आजे एकाच बाकावर बसून अक्षरे गिरवू लागले. पण कायद्याने स्वातंत्र्य मिळाले तरी समता मिळाली नाही. वेगळ्या शाळा, वेगळे डबे, मतदानाला अडथळे, असे पुढची कित्येक वर्षे चालले. तरीही त्या वेगळ्या आणि गरीब शाळांतूनच पुढच्या लढ्याचे वकील, शिक्षक आणि पुढारी तयार झाले.

त्याच काळात देशात कारखाने उभे राहिले आणि युरोपातून लाखो मजूर आले. त्यांची हकीकत आपल्याला परकी वाटणार नाही. एका खोलीत आठ-दहा माणसे, लांबलचक पाळ्या, अपघात. १९११ साली न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्याला आग लागली, तेव्हा दारे बंद असल्यामुळे अनेकांना बाहेर पडता आले नाही. १४६ कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. १९१३ साली डेट्रॉइटजवळ हेन्री फोर्ड यांनी चालती असेंब्ली लाइन सुरू केली. मोटारीची चासी जोडावयास सुमारे साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. दुसऱ्याच वर्षी आठ तासांना पाच डॉलर रोज जाहीर झाला. कामगार नाना देशांचे, एकाची भाषा दुसऱ्याला कळेना, म्हणून कारखान्यातच इंग्रजीची शाळा काढावी लागली.

अशा वेळी तेथील गावांनी एक शहाणपण दाखविले. ठिकठिकाणी स्वतःवर कर बसवून त्यांनी हायस्कुले बांधली. १९१० साली अठरा वर्षांच्या शंभर मुलांमागे सुमारे नऊच हायस्कूल पुरे करीत. १९४० साली जवळजवळ निम्मी करू लागली, आणि त्यांत मुली मुलांच्या पुढे होत्या. १९२९ ची मंदी आली, नोकऱ्या गेल्या. १९३८ च्या कायद्याने कारखान्यांतील बालमजुरीला आळा घातला.

१९४१ साली अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. या युद्धात जपानी वंशाच्या सुमारे सव्वा लाख लोकांना, त्यांतले बहुसंख्य नागरिक असताना, छावण्यांत डांबले, हा डागही सांगितला पाहिजे. पण त्याच युद्धात पेनिसिलिनचेही मोठे काम झाले. औषधाचा शोध १९२८ साली लंडनमध्ये लागला होता. ते टाक्या भरभरून तयार करण्याची रीत अमेरिकेत बसविली गेली. इलिनॉय राज्यातील पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने बाजारातल्या एका बुरसट खरबुजावर भरपूर पेनिसिलिन देणारी बुरशी शोधून काढली. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्याजवळ हे औषध होते.

दहा वर्षांनी, १९५४ साली, तेच औषध बनविण्यासाठी युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना स्थापन झाला. या पट्ट्याच्या औद्योगिक जीवनाची सुरुवात तेथून झाली. तेथील शास्त्रज्ञांनी पुढे हमायसिन हे बुरशीच्या रोगांवरचे नवे औषध शोधले. यंत्रे आणि रीत बाहेरून आणता येते. नवा शोध लावणारे डोके मात्र शाळेतच तयार होते.

पालक म्हणतील, भाषण ठीक आहे, पण घरभाडे आहे, फी आहे. पोरगा दहावी होऊन ठेकेदाराकडे लागला तर महिन्याला चार पैसे हातात येतात. ही अडचण खोटी नाही. पण डेट्रॉइटकडे पहा. मोटारींच्या त्या राजधानीत १९५० साली अठरा लाखांवर माणसे राहत होती. २०२० साली सात लाखही उरली नाहीत. आपल्या शेजारी तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली निघाला आणि २०२० साली त्याचे उत्पादन थांबले. कारखाने येतात, जातात, हात बदलतात. जो फक्त एक नट आवळावयास शिकला, त्याची भाकरी त्या नटाबरोबर जाते. ज्याने आय.टी.आय. केले, डिप्लोमा केला, ड्रॉइंग वाचावयास शिकला, तो दुसऱ्या दारावर उभा राहू शकतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. दहावीनंतर मुलाला कामावर धाडण्याआधी, आणि मुलीचे दप्तर खुंटीला अडकविण्याआधी, तिच्या शिक्षकाला एकदा भेटा. फीची अडचण असेल तर संस्थेला सांगा. लाज वाटून घेऊ नका. आणि तुमची स्वतःची मुले शिकत असतील, तर आपल्या गल्लीत कोणाचे मूल शाळेतून निघाले आहे, याची चौकशी करा. त्या घरी जा, चहा घ्या आणि बापाशी बोला. गफ्फार बेग मुनशींनी याहून अधिक काही केले नव्हते.