सेवापुस्तक : सरकारची आठवण



वसंत व्याख्यानमालेत थोर ग्रंथांविषयी बोलण्याचा प्रघात आहे. आज आम्ही ज्या पुस्तकाविषयी बोलणार आहोत, ते कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. ते कचेरीच्या लोखंडी कपाटात असते. ते म्हणजे सरकारी नोकराचे सेवापुस्तक.

त्याच्या आरंभी नाव, जन्मतारीख, उंची आणि ओळखीची खूण. पुढे नेमणूक, वेतनवाढ, बदली, बढती, रजा, झालीच तर शिक्षा. आणि शेवटी निवृत्ती. प्रत्येक नोंदीपुढे अधिकाऱ्याची सही हवी. माणूस तीस वर्षे राबला हे सारा गाव सांगेल. परंतु सरकार विचारते ते पुस्तकाला.

आपल्या सातारा-सांगलीकडील लोकांना हे अधिक कळावे. १९४८ साली सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने विलीन झाली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले, आणि १९६२ साली जिल्हा परिषदा येऊन प्राथमिक शिक्षक त्यांच्याकडे गेले. मास्तर त्याच फळ्यापुढे उभे होते. धनी मात्र बदलत होते. जुन्या धन्याकडची वर्षे नव्या धन्याने मोजावयाची, तर नोंदीवाचून साक्ष कोणाची काढावयाची?

आजही तोच प्रश्न आहे. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. १ नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्यांना जुने निवृत्तिवेतन उरले नाही. पुढे २०२४ साली, ज्यांच्या पदाची जाहिरात त्या तारखेपूर्वी निघाली होती, त्यांना ते निवडण्याची मुभा राज्य सरकारने दिली. म्हणजे एका तारखेवर साऱ्या म्हातारपणाची भाकरी अवलंबून! त्या वेळी जुनी जाहिरात आणि नेमणुकीचा हुकूम ज्यांनी जपून ठेवला, ते सुखी झाले.

घोटाळा होतो कसा? समजा, पाटणचा कारकून बदलून जतला आला. माणूस एका दिवसात पोचतो. पुस्तक मागे राहते. तेवढ्यात एक वेतनवाढ नोंदावयाची राहून जाते, एका रजेचा हुकूम चिकटवावयाचा राहतो. वीस वर्षे कोणी पाहत नाही. निवृत्ती जवळ आली की पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जाते, तेथून आक्षेप येतो, आणि मुंबईला महालेखापालांकडे जावयाचे प्रकरण अडते. ज्याने नोंद करावयाची तो केव्हाच निवृत्त झालेला असतो. मध्यंतरी नोकरच वारला, तर त्याची विधवा कचेरीच्या बाकावर येऊन बसते. रजेचा हुकूम म्हणजे काय, हेही त्या बाईला कधी कोणी सांगितलेले नसते.

यास उपाय मोठे नाहीत. नियमच सांगतात की वर्षाकाठी सेवेची पडताळणी करावी. जन्मतारीख चुकली असेल तर नोकरीस लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा. म्हातारपणी आठवलेला जन्मदाखला सरकार सहसा ऐकत नाही. वारसाचे नामनिर्देशन लग्नानंतर पुन्हा पाहावे. आणि सेवापुस्तकाची दुय्यम प्रत आपल्यापाशी ठेवून ती वेळोवेळी पुरी करून घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ साली कृष्णामाई सांगलीच्या घरादारांत शिरली, हे आपण पाहिले आहे. कागदाला पाणी आणि वाळवी दोन्ही सारखेच. संगणक आला, पगार सेवार्थ प्रणालीतून निघू लागले, हे चांगलेच. परंतु न केलेली नोंद संगणकालाही सापडत नाही.

कारकुनीला लोक हसतात. आम्हांस मात्र वाटते की, दुसऱ्याच्या आयुष्याची एक ओळ वेळेवर आणि खरी लिहिणे हे मोठे पुण्याचे काम आहे. येथे जे आस्थापना शाखेत बसतात, त्यांनी उद्या एक तरी अपुरे पुस्तक पुरे करावे. आणि ज्यांची पुस्तके तेथे आहेत, त्यांनी जाऊन ती एकदा वाचावी.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. ही रजा तेवढी कोठे नोंदावी लागत नाही!