प्रौढपणी घेतलेला धर्म
(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणावरून)



आज आम्ही जे बोलणार आहोत ते या व्यासपीठावर अनेकांना रुचणार नाही. आमच्या मावसभावाने वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कॅथलिक धर्म स्वीकारला. त्यावरून वस्तीत जे बोलले गेले ते आमच्या कानांवर आले. गव्हासाठी गेला, दुधाच्या पावडरीसाठी गेला, बाबासाहेबांना विसरला. सभासदांच्या वहीतून त्याचे नाव काढावे, अशीही सूचना आली. आम्हांलाही प्रथम रागच आला, हे लपवीत नाही. मावशी तर आठ दिवस नीट जेवली नाही.

गव्हाचे आधी पाहू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. 1956 साली शिखांचा आणि 1990 साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा झाला नाही. रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 साली धर्माची ही अट काढावी अशी शिफारस केली, 2022 साली याच प्रश्नावर दुसरा आयोग नेमला गेला. म्हणजे आमच्या भावाच्या पदरात काही पडले नाही, होते तेच गेले. बौद्ध झाल्याबद्दल केंद्राच्या सवलतींची हीच किंमत आपल्या आजोबा-वडिलांनी 34 वर्षे मोजली आहे. त्यांच्या नातवंडांनी दुसऱ्याला गव्हाचा टोमणा मारावा हे शोभत नाही.

तिथे जात नाही अशा भ्रमात तो गेलेला नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांची दफनभूमीसुद्धा काही ठिकाणी वेगळी असते. 2003 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तिथल्या बिशपांना याबद्दल स्पष्ट शब्दांत सुनावले होते. 2022 साली हैदराबादचे अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. पहिले, आणि तेही 2022 साली! हे सर्व भावाला आमच्याहून अधिक माहीत होते.

मग तो का गेला? आम्ही त्याला विचारले. तो म्हणाला, "दादा, मला प्रार्थना करावीशी वाटते, आणि ती ऐकणारा कुणी आहे असे वाटते." आम्हांला हे पटत नाही. तथागतांनी ऐकणारा शोधायला सांगितले नाही, स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले. आम्ही तसे बोललोही. त्यावर तो जे म्हणाला ते मात्र आमच्या मनातून जात नाही. "तुम्ही हे आज सांगता. चाळीस वर्षांत विहारात मला कुणी काही विचारलेच नाही. तिथे दीड वर्ष दर रविवारी विचारत होते."

प्रौढ माणसाला तिथे आल्या दिवशी स्नानसंस्कार देत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या निर्णयानंतर 1972 साली त्यांनी यासाठी जुनी, टप्प्याटप्प्याची पद्धत पुन्हा सुरू केली. आधी नुसती चौकशी, मग शिकवणीचा काळ, मग प्रायश्चित्तकाळातील अखेरची तयारी. सोबत एक धर्मपिता किंवा धर्ममाता. आम्ही बँकेतली माणसे. पूर्वी खाते उघडायला ओळख देणारा खातेदार लागे, तसेच काहीसे. फरक इतकाच की आमचा ओळखदाता सही करून निघून जाई, यांचा पुढेही सोबत राहतो.

ईस्टरच्या आदल्या रात्री आम्ही गेलो. मावशी आली नाही. चर्चबाहेर अग्नी पेटवला, त्यावरून मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सर्वांच्या हातातल्या लहान मेणबत्त्या. भावाला प्रथम काय सोडतोस ते तीनदा विचारले, मग काय मानतोस ते तीनदा. डोक्यावर तीन वेळा पाणी, अंगावर पांढरे वस्त्र, कपाळाला तेल, आणि त्याच रात्री पहिला ख्रिस्तप्रसाद. आधी नकार, मग स्वीकार! आपल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातही ब्रह्मा, विष्णू, महेश नाकारण्यापासून होते. आणि ते पांढरे वस्त्र पाहून आजोबांनी सांगितलेली 14 ऑक्टोबर 1956 ची नागपूरची पांढरी गर्दी आम्हांला आठवली.

बाबासाहेबांचे धर्मांतरही प्रौढ माणसाचेच. 1935 साली येवल्याला घोषणा, आणि महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले 1956 साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच 6 डिसेंबर उजाडला. शिकवणीचे काम मागे राहिले, ते आपल्याकडे आले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी लिहून ठेवले आहे की पूर्वी संघात जाणाऱ्या भिक्खूला दीक्षा होती, पण गृहस्थ उपासकाला धम्मदीक्षा नव्हती. ही मोठी उणीव होती आणि भारतातून धम्म लोपण्याचे ते एक कारण ठरले. उपासक मोकळा राहिला, इकडेही आणि तिकडेही.

आपल्याला धम्मदीक्षा मिळाली. पण तिच्या आधी आणि नंतर काय आहे? आमच्या मुलाने बावीस प्रतिज्ञा जयंतीच्या स्पर्धेत पाठ म्हटल्या, कंपास पेटी मिळवली. आठव्या प्रतिज्ञेचा अर्थ विचारला तर सांगता येईना. दोष मुलाचा नाही. आम्हीही कधी बसून सांगितला नव्हता.

तेव्हा सभासदांच्या वहीतून नाव काढण्याच्या सूचनेला आमचा विरोध आहे आणि तो इतिवृत्तात नोंदवावा. भाऊ आज आमच्या विनंतीवरून आला आहे, मागच्या रांगेत मावशीशेजारी बसला आहे. येत्या रविवारपासून सकाळी नऊ वाजता विहारात वर्ग सुरू करीत आहोत. पहिल्या दिवशी एकच प्रतिज्ञा घेऊ. वयाची अट नाही. प्रश्न विचारणाऱ्याला कुणी गप्प बसवणार नाही. वही-पेन ज्याने त्याने आणावे. संस्थेकडे सध्या तेवढे पैसे नाहीत.

नमो बुद्धाय. जयभीम.