गर्भापर्यंत पोहोचलेला पारा
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कारखान्यातील विषांची चर्चा निघाली की ती बहुधा यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या फुप्फुसांपाशी आणि त्वचेपाशी येऊन थांबते. परंतु ज्याने कारखान्याचे दार कधी पाहिले नाही, अन्नाचा पहिला घासही घेतला नाही, अशा न जन्मलेल्या जिवावरही त्या विषाचा आघात होतो. ही गोष्ट जगाला शिकवली ती जपानमधील मिनामाता या शहराने, आणि त्यासाठी तेथील जनतेला भयंकर किंमत मोजावी लागली. हा इतिहास केवळ वैद्यकशास्त्राचा नाही. कारखान्याची मालकी कोणाची, माहिती कोणाच्या ताब्यात आणि कामगार संघटना कोणाच्या बाजूस उभी, या प्रश्नांचाही तो इतिहास आहे.

मिनामाता हे क्यूशू बेटावरील कुमामोटो प्रांतातले, शिरानुई समुद्राच्या काठचे शहर. चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना हा त्या शहराचा मुख्य आधार. तेथे १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन होऊ लागले. त्यासाठी पाऱ्याचे संयुग उत्प्रेरक म्हणून वापरले जाई. प्रक्रियेत त्याच्या काही भागाचा मेथिल पारा होई आणि तो सांडपाण्याबरोबर उपसागरात जाई. सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत त्याचे प्रमाण पायरीपायरीने वाढत गेले. या साखळीच्या अखेरीस होती ती मासळीवर जगणारी कोळ्यांची कुटुंबे.

प्रथम मांजरे झोकांड्या खाऊन मरू लागली. पाठोपाठ माणसांचे हातपाय बधिर होऊ लागले, बोलणे अडखळू लागले, दृष्टीचे क्षेत्र आक्रसू लागले. १ मे १९५६ रोजी कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी मेंदूच्या या अज्ञात विकाराची सरकारी आरोग्य कार्यालयाला खबर दिली. जुलै १९५९ मध्ये कुमामोटो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजरास दिले. ऑक्टोबरमध्ये त्या मांजरास तोच रोग झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडपला. डिसेंबरमध्ये तिने रुग्णांच्या कुटुंबांशी ‘सहानुभूतीच्या रकमे’चा करार केला. मृतामागे तीन लाख येन देऊन त्यात अट घालण्यात आली की, पुढे कारखान्याचे सांडपाणीच रोगाचे कारण ठरले तरी नवी मागणी करता येणार नाही. आपण काय करीत आहोत हे ज्यास ठाऊक असते, तोच अशी अट घालतो.

दरम्यान मासेमारांच्या वस्त्यांत जन्मणाऱ्या काही मुलांची मान धरत नव्हती. ती चालत नव्हती, बोलत नव्हती. त्यांच्या आजाराला ‘मेंदूजन्य पक्षाघात’ असे नाव देऊन विषय मिटवण्यात आला, कारण या मुलांनी मासळी खाल्लेलीच नव्हती. वार ही गर्भाला विषापासून वाचवणारी भिंत आहे, ही त्या काळची सर्वमान्य समजूत होती. परंतु मातांचे म्हणणे निराळे होते: मासळी मुलाने खाल्ली नसली तरी ती पोटात असताना आईने खाल्ली होती. तरुण डॉक्टर मासाझुमी हाराडा यांनी हे म्हणणे अडाण्याचे म्हणून झटकून टाकले नाही. त्यांनी घरोघर जाऊन मुले तपासली, त्यांच्या जन्मतारखा आणि वस्त्या ताडून पाहिल्या. मृत बालकांच्या शवविच्छेदनातूनही तोच निष्कर्ष निघाला. अखेर नोव्हेंबर १९६२ मध्ये १६ मुलांचा आजार जन्मजात मिनामाता रोग म्हणून अधिकृतपणे मान्य झाला. पुढे ही संख्या वाढतच गेली.

जपानमध्ये अपत्याची वाळलेली नाळ आठवण म्हणून जपून ठेवण्याची रीत आहे. हाराडांनी घराघरांतून अशा नाळांचे तुकडे मिळवले. तपासणीत त्यांत मेथिल पारा आढळला. कंपनीच्या कागदपत्रांनी जे लपवले, ते आईने डबीत जपून ठेवलेल्या नाळेने सांगितले.

ही भिंत पारा कसा ओलांडतो? मेथिल पारा शरीरातील प्रथिनांच्या घटकांशी जोडला जातो आणि त्यांच्याच वाहतुकीच्या मार्गाने वार ओलांडून गर्भाच्या मेंदूत शिरतो. नाळेतील रक्तात त्याचे प्रमाण आईच्या रक्तातल्यापेक्षा अधिक भरते. प्रौढाच्या मेंदूत तो दृष्टी, तोल अशा ठरावीक केंद्रांना अधिक पोखरतो. गर्भाचा मेंदू मात्र घडत असतो, पेशी आपापल्या जागी सरकत असतात. म्हणून तेथे हानी सर्वदूर पसरते. बाधित मुलांच्या कित्येक मातांना स्वतःला फारच सौम्य लक्षणे होती. अर्थात, प्रौढ कामगारावर बेतलेली ‘सुरक्षित मर्यादा’ गर्भासाठी सुरक्षित असेलच असे नाही. स्त्रियांना धोक्याच्या खात्यातून काढून टाकणे हाही त्यावरचा उपाय नव्हे. मिनामाताच्या त्या माता कारखान्यातील पाऱ्यापाशी काम करीत नव्हत्या. विष त्यांच्या ताटातून आले. विष उगमाशी थांबवणे हाच खरा उपाय.

येथे कामगार संघटनेचा प्रश्न येतो. नोव्हेंबर १९५९ मध्ये संतप्त मच्छीमारांनी कारखान्यावर धडक दिली. सांडपाणी थांबवू नये, अन्यथा शहर बुडेल, अशी विनवणी प्रांताच्या गव्हर्नराकडे करणाऱ्यांत महापौर आणि व्यापारी यांच्या जोडीने चिस्सोची कामगार संघटनाही होती! रोजी आणि जीव यांत निवड करण्यास भाग पाडून मालकाने एका श्रमिकास दुसऱ्याविरुद्ध उभे केले. १९६२-६३ च्या वेतनलढ्यात कंपनीने संघटना फोडली, तेव्हा तोच मालक कामगारांनाही कळून चुकला. ऑगस्ट १९६८ मध्ये पहिल्या संघटनेने ठराव करून जाहीर केले की, मिनामाता रोगाविरुद्ध आपण लढलो नाही, ही आपल्याला लाजेची गोष्ट आहे. त्यानंतर तिचे सभासद रुग्णांच्या बाजूने उभे राहिले.

पाऱ्यावर आधारित ते उत्पादन १९६८ च्या मे महिन्यात बंद झाले आणि सरकारने रोगाचे कारण सप्टेंबरमध्ये मान्य केले; म्हणजे पहिल्या खबरीनंतर बारा वर्षांनी. मधल्या काळात, १९६५ मध्ये, निइगाता येथे दुसऱ्या कंपनीच्या कारखान्याने तोच रोग पसरवला होता. २० मार्च १९७३ रोजी कुमामोटोच्या न्यायालयाने चिस्सोला दोषी ठरवून १९५९ चा करार रद्दबातल केला. होसोकावांनी १९७० मध्ये, मृत्यूपूर्वी काही महिने, रुग्णशय्येवरून मांजराच्या प्रयोगाची साक्ष दिली होती.

हा धडा आपल्या देशाला परका नाही. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला मेथिल आयसोसायनेट वायूने हजारो बळी घेतले, आणि त्या रात्री गर्भवती असलेल्या कितीतरी स्त्रियांचे गर्भपात झाले. धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या वस्तीला देण्याचे बंधन मालकावर घालणारी कलमे कारखाने कायद्यात आली ती त्यानंतर, १९८७ मध्ये. पाऱ्यावरील आंतरराष्ट्रीय करार २०१३ मध्ये झाला, त्याला मिनामाताचेच नाव आहे. भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला.

परंतु कायद्याचे कलम स्वतःहून नाल्यातले पाणी तपासत नाही. नाल्यातून काय वाहते हे प्रथम कळते ते आत काम करणाऱ्या कामगाराला. त्याचा परिणाम प्रथम दिसतो तो बाहेरच्या वस्तीतील आईला. या दोघांची गाठ पडू नये यातच मालकाचा फायदा असतो. ती गाठ घालून देणे हे कामगार संघटनेचे कर्तव्य आहे. चिस्सोच्या कामगारांना ते कळण्यास नऊ वर्षे लागली. त्या नऊ वर्षांत जी मुले जन्मली, त्यांना ती वर्षे कोणीही परत देऊ शकले नाही.